३५ की ५०, फिल्म की डिजिटल? आधी लेन्सच्या मागे काय आहे ते ठरवा

लातूरहून एका तरुण छायाचित्रकार मित्राचा प्रश्न आला आहे. काकांच्या कपाटात यशिका इलेक्ट्रो ३५ सापडला, त्यावर काही रोल काढले आणि रेंजफाइंडरची, म्हणजे लेन्सऐवजी शेजारच्या खिडकीतून बघून फोकस करायच्या कॅमेऱ्याची, गोडी लागली. लग्नाच्या कामासाठी सोनीची ए-सेव्हन थ्री ही डिजिटल बॉडी आहेच. ती विकून लायकाचा जुना फिल्म कॅमेरा एम-सिक्स घ्यावा का, लेन्स रुंद ३५ मिमीची घ्यावी की ५० ची, आणि स्वतःचं काम यापुढे फिल्मवरच करावं का, असं ते विचारतात. लेन्सच्या यादीत फोक्टलेंडरची कलर-स्कोपार ३५ एफ/२.५ आणि नॉक्टन ३५ एफ/१.४ आहे, झाइसची सी-सोनार ५० एफ/१.५ आहे, आणि कुणीतरी स्वस्तात देऊ केलेली रशियन ५० मिमी ज्युपिटर-८ आहे (एफचा आकडा लहान, तेवढं अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं). विषय म्हणजे माळेगावची जत्रा, तुळजापूरचं नवरात्र, वेरूळ-अजिंठा आणि गावाकडची माणसं. शेवटी वैतागून लिहिलंय, "एकाच लेन्सला एक जण डोक्यावर घेतो, दुसरा टाकाऊ म्हणतो. खरं कुणाचं मानायचं?"

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. सोनी विकू नका. फिल्मसाठी एम-सिक्सच्या मागे न लागता बेसा आर-टू-एम किंवा झाइस आयकॉन ही फिल्म रेंजफाइंडर बॉडी शोधा आणि त्यावर स्कोपार ३५ चढवा. रेंजफाइंडरची लेन्स सोनीवरच वापरायची असेल तर मात्र ३५ च्या भानगडीत पडू नका, ५० घ्या. ज्युपिटर घ्यायचीच तर फक्त सोनीसाठी. नॉक्टनला तुमच्या विषयांत फारसं काम नाही. आणि अजिंठ्याला फिल्म नेऊ नका.

आता ते "खरं कुणाचं" प्रकरण. दोघांचंही खरं असतं. एकाने ती लेन्स फिल्मवर वापरलेली असते, दुसऱ्याने सेन्सरवर. आरशाच्या कॅमेऱ्यांबाबत हा फरक एवढा जाणवत नाही, रेंजफाइंडरच्या लेन्सेसमध्ये तो सगळ्यात मोठा ठरतो, आणि कारण साधं आहे. निकॉनच्या एफ माउंटमध्ये लेन्स बसते त्या कड्यापासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी. मध्ये आरसा हलायचा असतो, म्हणून तेवढी जागा सोडावीच लागते. लायकाच्या एम माउंटमध्ये आरसाच नाही, तिथे हे अंतर २७.८ मिमी आहे. त्यामुळे रचनाकारांना मागची काच फिल्मच्या अगदी जवळ नेता आली आणि लेन्स लहान, हलक्या, तरीही धारदार झाल्या. पण मागची काच एवढी जवळ असली की कोपऱ्यांकडे जाणारे किरण फार तिरके पडतात. फिल्मला त्याचं सोयरसुतक नसतं. इमल्शनवर प्रकाश सरळ येवो की तिरका, चांदीचे कण तो टिपतात.

सेन्सरला ते चालत नाही. त्याच्यापुढे एक काच असते. सोनीत तिची जाडी २ मिमीच्या घरात आहे, तर डिजिटल लायकात १ मिमीपेक्षाही कमी ठेवलेली असते. तिरका किरण जाड काचेतून वाकून जातो आणि ठरल्या जागी पडत नाही. म्हणून सोनीवर ३५ किंवा त्याहून रुंद रेंजफाइंडर लेन्स लावली की मधला भाग खणखणीत येतो आणि कोपऱ्यातली बाभळ कुणीतरी बोटाने फासल्यासारखी दिसते. अ‍ॅपर्चर एफ/८ पर्यंत बंद केलं तर बरंचसं सावरतं, पण पूर्ण नाही. जुन्या सममितीय रचनेच्या फार रुंद लेन्सेसमध्ये, २१ किंवा १५ मिमीच्या, कडांना जांभळट झाकही येते. फोक्टलेंडरची १५ मिमी हेलियार पहिल्या आवृत्तीत सेन्सरवर असं करायची, तिसऱ्या आवृत्तीत मागची रचना बदलून कंपनीने ते दुरुस्त केलं. निकॉनच्या झेड बॉडीतली काच सोनीपेक्षा पातळ आहे, तिथे त्रास कमी होतो. ५० मिमीला मात्र सोनीवरही क्वचितच तक्रार असते. ७५ आणि ९० ला तर नाहीच.

काच पातळ केली की सगळं सुटतं असंही नाही बरं का. २००६ च्या लायका एम-एटमध्ये ती एवढी पातळ होती की इन्फ्रारेड प्रकाश आत यायचा आणि काळं सिंथेटिक कापड जांभळं उमटायचं. शेवटी लायकाला ग्राहकांना लेन्सवर लावायचे फिल्टर द्यावे लागले. २००९ च्या एम-नाइनमध्ये पूर्ण आकाराचा सेन्सर आला, पण त्याच्या काचेला पुढे गंज चढू लागला. म्हणून आज कुणी स्वस्तात एम-नाइन दाखवला तर सेन्सर बदललेला आहे का, हा पहिला प्रश्न.

दुसरा फरक फोकसचा. रेंजफाइंडरमध्ये तुम्ही लेन्समधून बघतच नाही. शेजारच्या खिडकीतून बघता, मधल्या ठिपक्यातल्या दोन प्रतिमा जुळवता आणि लेन्सच्या मागचा कॅम, म्हणजे पुढे-मागे सरकणारं कडं, बॉडीतल्या चाकाला ढकलून अंतर सांगतो. लेन्स आणि बॉडी एकमेकांशी खरं बोलत असतील तोवर सगळं छान. ज्युपिटर-८ इथे अडखळते. ती झाइसच्या युद्धापूर्वीच्या सोनारवरून काढलेली, तिची नाभीय लांबी झाइसच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्याच्या हिशेबाची, आणि लायकाच्या बॉडीला अपेक्षित असलेल्या मापापेक्षा किंचित वेगळी. दूरच्या गोष्टी ठीक येतात, पण मीटर-दीड मीटरवरचा चेहरा घेतला की डोळ्यांऐवजी कान धारदार होतो. तीच लेन्स सोनीवर लावा. तिथे लेन्समधूनच बघून, प्रतिमा मोठी करून फोकस करता, मग कॅमचा संबंधच उरत नाही. लायकावर बदनाम झालेली ही लेन्स सोनीवर गोड चित्र देते, पार्श्वभूमी थोडी फिरल्यासारखी, कडा मवाळ. किंमत परवडत असेल तर मजेखातर जरूर घ्या.

सी-सोनारची गोष्ट जवळपास अशीच, फक्त दोष वेगळा. अ‍ॅपर्चर बंद करत गेलं की तिचा फोकस मागे सरकतो. ५० मिमीला एफ/१.५ वर एक मीटरवर फोकसमधला पट्टा जेमतेम साडेतीन सेंटीमीटरचा असतो. तो बोटभर सरकला तरी पापणी सुटते. फिल्मवर, त्यातही ४०० आयएसओच्या दाण्यात आणि ८ बाय १२ च्या प्रिंटवर, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. २४ मेगापिक्सेलची फाइल पडद्यावर शंभर टक्के मोठी करून बघणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं, आणि तोच जाऊन लिहितो की लेन्स बिघडलेली आहे. ज्या अ‍ॅपर्चरवर फोटो काढायचा त्याच अ‍ॅपर्चरवर सोनीत फोकस करा, दोष संपला. तुमच्या यादीतली सोनीला सगळ्यात शोभणारी लेन्स हीच. म्हाताऱ्या माणसांचे चेहरे, घरातल्या खिडकीचा उजेड, तिथे तिला तोड नाही. फक्त किंमत जड जाते. तशी ऐट नको असेल तर झाइसचीच प्लानार ५० एफ/२ फोकस सरकवत नाही आणि कामाला पक्की आहे.

३५ की ५० हा वाद मी फार ताणत नाही. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ १९४७-४८ मध्ये भारतात फिरला तेव्हा त्याची मुख्य लेन्स ५० होती, म्हणून ५० श्रेष्ठ असं सांगणारे भेटतील. पण खरा प्रश्न अंतराचा आहे. जत्रेत माणूस तुमच्या छातीला लागलेला असतो, तिथे ३५ शिवाय गत्यंतर नाही. चष्मा असेल तर आणखी एक गोष्ट: एम-सिक्सच्या ०.७२ पटीच्या खिडकीत ३५ ची चौकट चष्म्यासकट दिसते, २८ ची दिसत नाही.

आता आपल्याकडच्या उन्हाविषयी, कारण नॉक्टनचा निकाल तिथेच लागतो. पावसाळा सोडला तर मराठवाड्यात वर्षातले बहुतेक दिवस आकाश स्वच्छ. अशा उन्हात ४०० च्या फिल्मला एफ/१६ वर पाचशेवा सेकंद लागतो, म्हणजेच एफ/११ वर हजारावा. एम-सिक्सचा शटर हजारावर संपतो. एफ/१.४ वर यायचं तर सहा पायऱ्या (दर पायरीला उजेड दुप्पट) उघडाव्या लागतील आणि फोटो पांढराफटक जाईल. १०० ची फिल्म घातली तरी हजाराव्या सेकंदाला एफ/५.६. मग त्या एफ/१.४ चे पैसे कशाला मोजायचे? गडद राखाडी फिल्टर लावता येतो, पण दर सावलीत तो काढायचा आणि उन्हात परत लावायचा. जत्रेत कोण करतं? बेसा आणि झाइस आयकॉनचे शटर दोन हजाराव्यापर्यंत जातात, एक पायरी सुटते. लायकाच्या डिजिटल एम-इलेव्हनमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर सोळा हजाराव्यापर्यंत जातो, तिथे भर दुपारी एफ/१.४ खरंच वापरता येतं. म्हणजे जलद, मोठ्या छिद्राची लेन्स डिजिटलवर दुपारी कामाची आणि फिल्मवर फक्त दिवेलागणीला. याच कारणाने नॉक्टनला काट मारली. शिवाय तीही फोकस सरकवते.

माळेगावला स्कोपार कशी चालते ते सांगतो. बाजारात घोडे आणि गाढवं उभी असतात, सौदा चाललेला असतो. एक जण घोड्याचा ओठ वर करून दात बघतोय, दुसरा लगाम धरून तिसरीकडेच बघतोय, आणि दोघांच्या मधून एक पोरगं वाकून निघालंय. हे चित्र ठिपका जुळवत बसलात तर मोडतं. लेन्स एफ/८ वर ठेवा, अंतर तीन मीटरवर ठेवा आणि विसरून जा. ३५ मिमीला या जोडीवर साधारण १.९ मीटरपासून ७.३ मीटरपर्यंत सगळं धारदार येतं. एफ/११ केलं तर १.७ पासून पंधरा मीटरपर्यंत. हेच ५० वर करून बघा: एफ/८, तीन मीटर, आणि हातात येतं फक्त २.३ ते ४.२. माणूस एक पाऊल पुढे आला की गेला. जवळ जायचं तर लेन्सखालचा टॅब बोटाने थोडा सरकवायचा, कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच. चार-आठ दिवसांत बोटाला अंतर कळू लागतं. बहुतेक आधुनिक ऑटोफोकस लेन्सवर अंतराचे आकडेच नसतात, त्यामुळे सोनीच्या स्वतःच्या लेन्सने हे सहज जमत नाही. रेंजफाइंडरच्या लेन्सचा खरा फायदा मला विचाराल तर हाच, आणि त्यासाठी एफ/२.५ ची चिमुकली लेन्स पुरून उरते.

याच जत्रेत भंडारा उधळला जातो, आणि फिल्म-डिजिटलचा फरक इथे डोळ्यांनी बघावा. उन्हातला भंडारा हा कॅमेऱ्यासाठी फार कठीण पिवळा. सेन्सरचा लाल चॅनल आधी भरतो, मग हिरवा, आणि एकत्रित हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) मात्र सगळं आलबेल असल्याचं दाखवतो. घरी येऊन बघावं तर हवेतल्या भंडाऱ्याचे कण गेलेले, नुसता पिवळा डाग उरलेला. सोनीत काढलेल्या फोटोचा तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम बघा आणि लाल कडेला टेकायच्या आत थांबा, पाऊण-एक पायरी कमी धरली तरी चालेल. सावल्या नंतर उचलता येतात. रंगीत निगेटिव्हवर उलटा न्याय. ती जास्तीचा उजेड पोटात घेते, कमी उजेडाला मात्र माफ करत नाही. तिथे एक पायरी जास्तच द्या, भंडाऱ्याचा कण न् कण राहतो. आणि काळ्या-पांढऱ्या फिल्मवर? भंडारा भंडारा राहतच नाही. पिवळा तिथे जवळजवळ पांढरा उमटतो, चित्रात फक्त धूळ उडालेली दिसते. म्हणून माळेगावला एक बॉडी रंगीतच असू द्या. आणि भंडाऱ्यात लेन्स बदलू नका. पूड सेन्सरवर बसली तर पुसता येते, लेन्सच्या फिरत्या आट्यांत गेली तर लेन्स खोलावीच लागते.

जुनी लेन्स की नवी, याचंही उत्तर उन्हातच आहे. पांढरं धोतर, पांढरी टोपी, मध्ये उन्हाने रापलेला चेहरा, आणि टोपीची सावली नेमकी डोळ्यांवर. नव्या झाइसचा कॉन्ट्रास्ट एवढा कडक असतो की निगेटिव्हवर डोळ्यांच्या जागी दोन काळी भोकं उरतात. पन्नास-साठच्या दशकातल्या लेन्सेस, लायकाची सुमारॉन किंवा कॅननच्या आट्यांच्या लेन्सेस, यांचं कोटिंग साधं आहे. आत थोडा उजेड विखुरतो आणि तो सावलीत जाऊन बसतो, त्यामुळे काळं थोडं उघडतं. परीक्षणात याला दोष म्हणतात. दुपारी एक वाजता फिल्मवर काम करणाऱ्याला तो उपकार वाटतो. सोनीवर मात्र मी नवी कडक लेन्सच पसंत करतो, कारण रॉ फाइलमध्ये सावली हवी तेवढी उचलता येते आणि विखुरलेला उजेड मागे घेता येत नाही. स्कोपार या दोन्हींच्या मध्ये बसते, म्हणून ती सुचवली. फिल्मवर ती वापरताना इल्फर्डची काळी-पांढरी एचपी-फाइव्ह ४०० ऐवजी २०० वर धरा आणि डेव्हलपिंगची वेळ पंधरा-वीस टक्क्यांनी कमी करा. टोपीही राहते आणि डोळेही.

अजिंठ्याबद्दल मी ठाम आहे. फ्लॅशला बंदी, ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी, आणि पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या, सतराव्या लेण्यातल्या चित्रांवर मुद्दाम मंद ठेवलेला उजेड. पद्मपाणीसमोर ३२०० आयएसओ, एफ/२ आणि तिसावा सेकंद, याच्या आसपास काहीतरी मिळतं. ४०० ची फिल्म तिथे पाव सेकंद मागेल, तोही मागून लोटणाऱ्या गर्दीत, हातात धरून. शिवाय दिव्यांचा रंग दिवसाच्या उजेडासारखा नसतो, दिवसाच्या रंगीत फिल्मवर सगळं पिवळट-हिरवट येतं. सोनी, ५० एफ/२, बॉडीतलं स्टॅबिलायझेशन, विषय संपला. जुन्या तंत्राचा फारच मोह होत असेल तर मेजर रॉबर्ट गिलची आठवण काढा. तो १८४४ च्या सुमारास अजिंठ्याला आला, वर्षानुवर्षं चित्रांच्या नकला काढत राहिला, आणि पुढे त्याने लेण्यांचे फोटोही काढले. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासोबत ते पुस्तकात आले. तेव्हाच्या काचेच्या पाट्यांसमोर आपली एचपी-फाइव्ह म्हणजे वीज आहे.

वेरूळला मात्र फिल्म खुशाल न्या. तिथला डोंगर पश्चिमेकडे तोंड करून आहे, दुपारनंतर ऊन थेट कोरीवकामावर येतं आणि कैलासाच्या अंगणातल्या बेसॉल्टला काळ्या-पांढऱ्यात जो पोत मिळतो तो बघण्यासारखा असतो. अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी, एवढं लक्षात ठेवा.

फिल्म धुण्याचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण मराठवाड्यात खरी गोम तिथेच आहे. रंगीत रोल पुण्या-मुंबईला कुरियर करावा लागतो. रोल, धुलाई, स्कॅन आणि कुरियर मिळून आजच्या भावाने फ्रेममागे चाळीस-पन्नास रुपये धरा. म्हणून रंगीत कामाला मी डिजिटल म्हणतो, जिथे अगदी गरज आहे तेवढा एखादा रोल सोडून. काळा-पांढरा घरी धुवा. एकेकाळी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची इंदू फिल्म मिळायची, आता सगळं बाहेरून येतं, त्यामुळे केंटमिअर ४०० ने हात बसवा आणि मग एचपी-फाइव्हकडे जा.

डेव्हलपरला २० अंश हवेत आणि मे महिन्यात आपल्या टाकीतलं पाणी ३२ च्या वर असतं. बर्फ थेट टाकू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सोडा. अगदी २० ला आणायचा हट्टही नको. एचपी-फाइव्हला आयडी-इलेव्हन या डेव्हलपरच्या एकास एक द्रावणात २० अंशांना १३ मिनिटं लागतात, २४ अंशांना नऊ-साडेनऊ पुरतात. डेव्हलपर, फिक्सर आणि धुण्याचं पाणी एकाच तापमानाला असलं पाहिजे, एवढं सांभाळा. गंमत म्हणजे रंगीत फिल्मच्या सी-४१ धुलाईला ३७.८ अंश लागतात, त्या कामाला आपला मे महिना फुकटात मदत करतो.

पाण्याचं दुसरं दुखणं म्हणजे क्षार. बोअरच्या पाण्यात धुतलेली निगेटिव्ह वाळली की पांढरे ओघळ दिसतात आणि स्कॅनमध्ये ते आकाशात उमटतात. शेवटचा हात आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्याचा द्या, त्यात वेटिंग एजंटचा (पाणी डाग न ठेवता ओघळावं यासाठीच्या द्रवाचा) थेंब टाका आणि पुसू नका. आणि ज्या गल्लीत टँकर येतो तिथे दहा मिनिटं नळ सोडून फिल्म धुणं शोभत नाही. इल्फर्डची पद्धत वापरा: टाकी भरून पाच वेळा उलटी-सुलटी, पाणी बदलून दहा वेळा, परत बदलून वीस वेळा. लिटरभर पाण्यात एक रोल स्वच्छ निघतो.

धुतलेली निगेटिव्ह मग सोनीवर मॅक्रो लेन्स लावून, खाली एलईडी पॅनेल ठेवून कॉपी करा. लॅबच्या स्वस्त स्कॅनपेक्षा हे सरस असतं. सोनी विकू नका म्हटलं त्याचं हे आणखी एक कारण.

बॉडीबद्दल. जुना एम-सिक्स दोन लाखांच्या आसपास पडतो. तो सुंदर आहे यात वाद नाही. पण त्याचा शटर कापडी आहे आणि पुढे आरसा नाही. लेन्स इन्फिनिटीला, अ‍ॅपर्चर उघडं, टोपण नाही आणि कॅमेरा छातीवर आभाळाकडे तोंड करून, असा आपल्या उन्हात थोडा वेळ राहिला तरी भिंगाने कागद जाळावा तसं कापडाला भोक पडतं, आणि मग प्रत्येक फ्रेमवर पांढरा ठिपका. बेसा आणि झाइस आयकॉनचे शटर धातूचे आहेत. बेसाचा रेंजफाइंडर आखूड आहे, त्याचा प्रभावी पाया (दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले खिडकीची पट) एम-सिक्सच्या जवळपास निम्मा, त्यामुळे ९० एफ/२ त्यावर लावू नका. ३५ एफ/२.५ ला तो भरपूर होतो. आर-टू-एमचा शटर यांत्रिक आहे, बॅटरी फक्त मीटरला लागते, आणि बरेच पैसे वाचतात. त्या पैशांत लेन्सही येईल आणि वर्षभराची फिल्मही.

बेसा मिळेपर्यंत यशिका चालू ठेवा. त्याची ४५ मिमी एफ/१.७ लेन्स कमअस्सल नाही, पण शटर पाचशेव्यावर थांबतो, म्हणून उन्हात ४०० ची फिल्म अगदी काठावर येते. १०० किंवा २०० ची घाला. मूळची ५.६ व्होल्टची मर्क्युरी बॅटरी आता मिळत नाही, ६ व्होल्टची अल्कलाइन अडॅप्टर घालून चालते. रोल ओढताना आतून खट् असा आवाज येतो का ऐका. येत नसेल तर आतला रबरी पॅड विरघळला आहे, आणि एक्स्पोजरवर भरवसा ठेवू नका. पिवळा फिल्टर लावाल तर मीटरचा डोळा लेन्सवर नसून बॉडीवर आहे हे ध्यानात घ्या. त्याला फिल्टर दिसत नाही, आयएसओ तुम्हालाच अर्धा करावा लागेल.

लेन्स मुंबईहून किंवा कोकणातून येत असेल तर बुरशी बघा. आपल्याकडची कोरडी हवा नवी बुरशी फारशी धरत नाही, पण आलेली जात नाही. मोबाइलचा टॉर्च मागून तिरका धरा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर नको म्हणा. धुकट पांढरं दिसलं तर ते हेझ, पुष्कळदा साफ होतं, पण किंमत त्या मानाने पाडून मागा. उन्हाळ्यात ग्रीस पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर येतं, तेही बघा.

बॉडी हातात आली की रोल वाया न घालवता फोकस तपासता येतो. मागचं झाकण उघडा, फिल्म जिथून सरकते त्या दोन रुळांवर दुधी रंगाची मॅजिक टेप ताणून चिकटवा, शटर बी वर उघडा धरा आणि लेन्स पूर्ण उघडी ठेवून टेपवरची प्रतिमा भिंगातून बघा. एकदा दूरच्या टॉवरवर, एकदा मीटरभरावर तिरप्या धरलेल्या वर्तमानपत्राच्या ओळींवर. खिडकीतला ठिपका ज्या ओळीवर जुळतो तीच ओळ टेपवर धारदार हवी. दूरचं जुळत नसेल तर ते बॉडीतल्या स्क्रूचं काम आहे, जाणकार दुरुस्तीवाला पटकन करून देतो. दूरचं जुळतंय आणि जवळचं चुकतंय, तर आधी दुसरी लेन्स लावून बघा. दोन्ही लेन्सवर चुकत असेल तर बॉडी विक्रेत्याला परत करा.